'किती पट?' हा प्रश्नच चुकीचा

शाळेसाठी किंवा घरातल्या मुलासाठी सूक्ष्मदर्शक घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, 'किती पट दिसतं?' दुकानदारही खोक्यावरचा १२०० चा ठळक आकडा पुढे करतो. आकडा खोटा असतोच असं नाही, पण तो फारसं काही सांगत नाही. डोळ्याजवळचा आयपीस दहा पटींचा, नमुन्यावर येणारा ऑब्जेक्टिव्ह शंभर पटींचा, की झाले हजार. आयपीस बदलला तर दोन हजारही होतील. फुग्यावर लिहिलेली अक्षरं फुगा फुगवल्यावर मोठी होतात, मजकूर मात्र तेवढाच राहतो, इथेही तसंच. तपशील किती उमटणार हे ऑब्जेक्टिव्हमध्ये किती तिरका प्रकाश शिरतो त्यावर ठरतं. एर्न्स्ट आबे यांनी हे १८७३ मध्येच मांडलं. उत्तमातलं भिंग लावलं तरी मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाहून जवळ असलेले दोन ठिपके साध्या प्रकाशात वेगळे दिसत नाहीत.

म्हणूनच मला या यंत्रातला सगळ्यात उपेक्षित भाग वाटतो तो कंडेन्सर. स्लाइड ठेवतात त्या मंचाखाली तो दडलेला असतो, आणि आकृतीला नावं देताना गुण मिळवण्यापुरताच आठवतो. खालचा प्रकाश गोळा करून रुंद शंकूच्या आकारात नमुन्यावर सोडणं हे त्याचं काम. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला, त्यामागे रंग देण्याची नवी पद्धत होती, तसंच आबेंचा कंडेन्सर आणि तेलाच्या थेंबात टेकवायचं भिंगही होतं. स्लाइड आणि भिंग यांच्यात हवा असली की तिरके किरण बाहेर निसटतात. तेल जवळजवळ काचेइतकंच वक्रीभवन करत असल्याने ते आत येतात. कंडेन्सरखालच्या डायफ्रामचं, म्हणजे प्रकाशाची वाट लहान-मोठी करणाऱ्या झडपेचंही तसंच. तो सताड उघडा असला की कांद्याच्या पापुद्र्यातल्या न रंगवलेल्या पेशी उजेडात विरून जातात. जरा मिटला की पेशीभित्तिका रेघ ओढल्यासारख्या उठून दिसतात. फार मिटला, तर बारकावे पुसले जातात.

यावर कोणी म्हणेल, लेवेनहूक यांनी १६७६ मध्ये एकाच भिंगातून जिवाणू पाहिले, तेव्हा कुठला कंडेन्सर होता? खरं आहे. पण त्यांच्या उरलेल्या यंत्रांपैकी सर्वांत ताकदवान यंत्रही पावणेतीनशे पटींच्या आतलंच आहे. किमया होती ती भिंगाच्या दर्जात. दुसरा आक्षेप पैशांचा: जिथे काहीच नाही, तिथे स्वस्तातलं यंत्र काय वाईट? मुळीच नाही. मनु प्रकाश यांचा कागदी फोल्डस्कोप सुमारे १४० पट दाखवतो आणि तेवढ्यात डबक्यातल्या थेंबाची दुनिया दिसते. तक्रार स्वस्तपणाबद्दल नाही, पोकळ आकड्यासाठी जादा पैसे मोजण्याबद्दल आहे.

तेव्हा पैसे देण्याआधी कांद्याचा एक पापुद्रा स्लाइडवर ठेवा आणि मंचाखालचा डायफ्राम हळूहळू मिटून पाहा. चित्रात काहीच फरक पडला नाही, तर खोकं परत ठेवा.