अधिसूचनेचा धसका

नाशिक जिल्ह्यातून परदेशी जाणारी द्राक्षे आणि कांदा ही दोन पिके शेजारशेजारच्या शिवारांत येतात. बरेचदा दोन्हींचा शेतकरी एकच. महामार्ग तोच, बंदरही तेच, उरणजवळचे जवाहरलाल नेहरू बंदर. तरीही द्राक्षाचा निर्यातदार हंगामाआधी युरोपातल्या खरेदीदाराशी सौदा ठरवून छाटणीच्या मागे लागतो. कांद्याचा निर्यातदार मात्र दिल्लीतून आज कोणती अधिसूचना निघाली, हे पाहिल्याशिवाय झोपत नाही. निर्यातवाढीची उद्दिष्टे अब्जावधी डॉलरमध्ये मांडणाऱ्यांनी आधी या एका फरकाचा उलगडा करावा.

द्राक्षांची घडी सहज बसलेली नाही. युरोपात कीटकनाशकांच्या अंशांवरून आपला माल अडू लागला, तेव्हा कृषी निर्यातीचे काम पाहणाऱ्या ‘अपेडा’ या केंद्रीय संस्थेने ‘ग्रेपनेट’ उभे केले. बागेची नोंदणी, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली नमुन्यांची तपासणी आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत पोहोचता येईल अशी साखळी त्यातून तयार झाली. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले आणि कंटेनर तिकडे अडकून पडले. हे रसायन आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हते. बागायतदार कर्जात बुडाले, वर्षभर आरोपांची धूळ उडाली; पण यादी दुरुस्त झाली आणि व्यापार पुन्हा उभा राहिला. याचे श्रेय यंत्रणेला द्यायला हवे. मात्र आणखी एक कारण आहे, ते कोणी मोठ्याने सांगत नाही. द्राक्षे महागली म्हणून दिल्लीतले सरकार पडत नाही. त्यामुळे द्राक्षांच्या वाटेला कोणी गेले नाही.

कांद्याचे नशीब वेगळे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी त्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले. ऑक्टोबर संपता संपता टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आले आणि ८ डिसेंबरपासून थेट बंदी. ती ३१ मार्चपर्यंतच, असे सांगितले होते. उठायला ४ मे २०२४ उजाडला आणि तेव्हाही ५५० डॉलर किमान मूल्य व ४० टक्के शुल्क कायम राहिले. सप्टेंबरात किमान मूल्य गेले, शुल्क निम्म्यावर आले. उरलेले २० टक्के १ एप्रिल २०२५ रोजी हटले. वीस महिन्यांच्या आत सहा वेळा नियम फिरला. मधल्या काळात गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची वेगळी सवलत मिळाली आणि लासलगावच्या कांदा बाजार आवारात संतापाला धार आली.

बंदी डिसेंबरात आली, हे विशेष घातक होते. तेव्हा बाजारात लाल कांदा असतो. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत चार-पाच महिने टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. जहाजावर चढू लागलेला किंवा कस्टम्सच्या ताब्यात गेलेला माल तेवढा सोडला गेला. ज्यांनी सौदे केले होते, पण माल अजून गोणीत होता, त्यांचे काय? दुबईच्या किंवा कोलंबोच्या व्यापाऱ्याला ‘आमच्या सरकारचा निर्णय’ एवढेच सांगून भागत नाही. पुढच्या वेळी तो इजिप्त, पाकिस्तान किंवा चीनला फोन लावतो. २०१९ च्या कांदा निर्यातबंदीनंतर बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितले, असे त्या हसत म्हणाल्या. थोडी आधी सूचना दिली असती तर बरे झाले असते, असेही त्यांनी सुनावले. पुढच्याच सप्टेंबरात आपण पुन्हा तेच केले. बांगलादेशाने मग आपल्या घरचा कांदा वाढवण्यावर भर दिला. त्याला दोष कसा देणार?

या काळात बंदराचे काम सुधारले, हे मान्य केले पाहिजे. कागदपत्रे ऑनलाइन गेली, एक खिडकी आली, कारखान्यातून सीलबंद कंटेनर थेट बंदरात नेता येतो. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार भारताने २०१६ मध्ये मंजूर केला आणि २२ फेब्रुवारी २०१७ पासून तो अमलात आहे. नवे नियम लागू होण्याआधी व्यापाऱ्यांना माहिती आणि पुरेसा अवधी द्यावा, असे तो करार सांगतो. त्यातच शुल्कातले बदल आणि तातडीचे उपाय वगळण्याची मुभा आहे. ती अपवादापुरती होती; आपण तिचाच राजमार्ग केला. बंदरात वाचवलेल्या तासांची किंमत एका रात्रीच्या अधिसूचनेपुढे शून्य होते.

खालच्या पातळीवर ढिलाई चालेल, असे यातून कोणी समजू नये. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण केलेल्या आंब्याच्या किमान १५ खेपा अमेरिकेने नाकारल्या. फळात कीड निघाली नव्हती, विकिरणाच्या कागदपत्रात खोट निघाली. परत आणण्याचा खर्च परवडेना, म्हणून निर्यातदारांनी माल तिथेच नष्ट केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादले, तेव्हा आपण लहरी धोरणाबद्दल बोट दाखवले. ते योग्यच होते. फक्त तेच बोट ढाक्यातूनही आपल्याकडे दाखवले जाते.

ग्राहकाला स्वस्त कांदा हवा, ही मागणी खोटी नाही. १९९८ मध्ये दिल्ली राज्यातल्या सत्ताधाऱ्यांनी तिची किंमत मोजली, तर २०२४ च्या लोकसभेत कांदापट्ट्यातल्या शेतकऱ्याने उलट बाजूने हिशेब चुकता केला. पण ग्राहकासाठी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत राखीव साठा केला जातोच. तो काढणीच्या वेळी योग्य भावाने भरावा, टिकेल असा साठवावा आणि भाव चढताना बाजारात सोडावा. शुल्क लावायचेच असेल तर कोणत्या भावाला किती, याचे कोष्टक आधीच जाहीर असावे आणि आधीच्या तारखेच्या नोंदणीकृत सौद्यांना त्यातून सूट मिळावी. उन्हाळ कांद्याची रोपे ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकली जातात आणि लागवड डिसेंबर-जानेवारीत होते. त्यामुळे हे कोष्टक सप्टेंबरअखेर निफाड, चांदवड, येवल्याच्या शेतकऱ्याच्या हाती पडायला हवे, माल बंदरात पोहोचल्यावर नव्हे.