फिट असला तर...

एनबीएच्या चाहत्यांमध्ये दर उन्हाळ्यात, नवीन करारांचा बाजार भरला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "फिट असला ना, तर हा माणूस दोन कोटी डॉलरला पण स्वस्त आहे!" फिट असला तर लीगमधला सगळ्यात चिवट डिफेंडर. फिट असला तर आपली टीम थेट फायनलला. फिट असला तर!

अहो, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. ज्या रोल प्लेयरचा तोच तोच अवयव पुन्हा पुन्हा दुखावतो, त्याला पगार देताना तो अर्धाच सीझन खेळणार असं धरायचं आणि मिड-लेव्हल एक्सेप्शनच्या वर एक पैसा द्यायचा नाही. त्याला दुसऱ्या टीमने जास्त दिले तर हात मिळवायचा, शुभेच्छा द्यायच्या आणि सोडून द्यायचं.

सुपरस्टारची गोष्ट वेगळी, ती इथे नको. जोएल एम्बीडचा गुडघा कितीही कुरकुरला तरी त्याच्यासारखा दुसरा सेंटर बाजारात मिळत नाही, म्हणून फिलाडेल्फियाला तो जुगार खेळावाच लागतो. मी बोलतोय ते पाचव्या ते आठव्या माणसाबद्दल. समोरच्या टीमच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला अडवणारा, कोपऱ्यातून थ्री-पॉइंटर टाकणारा, रिबाउंड काढणारा. गुणी माणूस, पण त्याच्यासारखे अजून चार सापडतात. मुद्दा तिथेच आहे.

"पैसे मालकाचे, तुझं काय जातंय?"

हा सगळ्यात आवडता युक्तिवाद. मालक अब्जाधीश आहे, त्याने उधळले तर उधळू देत. आता हे पैसे फक्त पैसे असते तर माझीही काही हरकत नव्हती. पण एनबीएमध्ये सॅलरी कॅप आहे. २०२५-२६ च्या सीझनची कॅप आहे सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर. कॅपच्या वर जाता येतं, पण काही ठराविक वाटांनीच. त्यातली मोठी वाट म्हणजे मिड-लेव्हल एक्सेप्शन, त्याच सीझनसाठी सुमारे १ कोटी ४१ लाख. आणि २०२३ च्या करारापासून 'सेकंड एप्रन' नावाची एक रेषा आलीय (२०२५-२६ साठी सुमारे २० कोटी ७८ लाख). ती ओलांडली की मिड-लेव्हल गेलं, आणि ट्रेड करताना दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणायची सोयही गेली.

म्हणजे जखमी माणसाला दिलेला जास्तीचा पगार मालकाच्या खिशातून जातो हे खरं, पण जागा टीमची अडते. एनबीएचे करार बहुतेक पूर्ण हमीचे असतात. माणूस कोर्टवर असो की कोट घालून बेंचच्या मागे बसलेला असो, त्याचा आकडा कॅपवर तसाच. आयटीतल्या मंडळींना 'बेंच' काय चीज असते ते सांगायला नको. फरक एवढाच की आपल्याकडे बेंचवरच्या माणसामुळे कंपनीला दुसरा माणूस घ्यायला कोणी बंदी करत नाही. इथे करतात.

पार्सन्सचा गुडघा

२०१६ चा उन्हाळा आठवा. नवीन टीव्ही कराराचे पैसे आले आणि कॅप एका झटक्यात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेली. सगळ्या टीम लॉटरी लागल्यासारख्या सुटल्या होत्या. मेम्फिसने चँडलर पार्सन्सला चार वर्षांचे ९ कोटी ४० लाखांच्या आसपास दिले. आधीचे दोन्ही सीझन त्याचे गुडघ्याच्या ऑपरेशनने संपले होते. ज्या डॅलसने तो गुडघा दोन वर्षं जवळून पाहिला, त्यांनी एवढे पैसे द्यायला नकार दिला.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. सेकंडहँड गाडी घेताना आपण काय विचारतो? 'विकतोय का?' जॉर्ज अकरलॉफने १९७० मध्ये याच प्रश्नावर 'लेमन्स'चा तो गाजलेला शोधनिबंध लिहिला आणि पुढे २००१ मध्ये नोबेलही मिळवलं. ज्याच्याकडे मालाची खरी माहिती आहे तो जर बोली लावत नसेल, तर बाकीच्यांनी बोली वाढवायची नसते. मेडिकल रिपोर्ट ज्यांच्या कपाटात आहेत ते गप्प बसलेत, याहून मोठा रिपोर्ट कुठला?

पार्सन्स मेम्फिससाठी तीन सीझनमध्ये खेळला ३४, ३६ आणि २५ सामने. एकूण ९५. त्या तीन वर्षांचा पगार साधारण ७ कोटी डॉलर, म्हणजे सामन्यामागे सात लाखांच्या वर.

एकच उन्हाळा, एकच टीम, दोन गार्ड

पार्सन्सचं उदाहरण जुनं वाटत असेल तर २०२१ घ्या. शिकागो बुल्सने त्या उन्हाळ्यात दोन बचावपटू गार्ड आणले. लॉन्झो बॉल, चार वर्षं, सुमारे ८ कोटी. आणि अ‍ॅलेक्स करूसो, चार वर्षं, सुमारे ३ कोटी ७० लाख.

लॉन्झो जास्त गुणी होता यात वाद नाही. पण आकडे बघा. पहिल्या चार सीझनमध्ये तो ५२, ४७, ६३ आणि ५५ सामने खेळला होता. (मधले दोन सीझन कोविडमुळे छोटे होते, ते धरूनही खेळता आले असते असे साधारण ३०८ सामने. तो खेळला २१७. म्हणजे ७० टक्के.) आणि २०१८ मध्ये त्याच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. २०२२ च्या जानेवारीत कुठला गुडघा गेला? तोच. डावा.

तोपर्यंत बुल्स पूर्व विभागात पहिल्या नंबरवर होते. सीझन संपला तेव्हा सहावे, आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत मिलवॉकीकडून ४-१ ने बाहेर. (करूसोही त्या जानेवारीत मनगट मोडून बसला होता, ते लपवत नाही.) त्यानंतर लॉन्झो सलग दोन पूर्ण सीझन एकही सामना खेळला नाही. २०२३ मध्ये गुडघ्यात कार्टिलेजचं प्रत्यारोपण झालं, आणि तो परत आला ऑक्टोबर २०२४ मध्ये. चार वर्षांत ७० सामने. सामन्यामागे सुमारे साडेअकरा लाख डॉलर.

करूसो? पहिल्या वर्षी ४१ सामने, मग ६७, मग ७१. २०२३ मध्ये ऑल-डिफेन्सिव्ह फर्स्ट टीम, २०२४ मध्ये सेकंड टीम. मग बुल्सने त्याला ओक्लाहोमाला देऊन जॉश गिडी आणला, आणि करूसो २०२५ मध्ये तिथे चॅम्पियन झाला. समजा करूसोही पूर्ण वेळ जखमी राहिला असता, तरी खड्डा निम्म्याहून लहान होता. कमी किमतीचा खरा फायदा हाच. चूक झाली तरी टीम उभी राहते.

"दुखापत म्हणजे नुसतं नशीब"

काही अंशी बरोबर. कोणीतरी अंगावर पडला आणि घोटा मुरगळला, याला नशीबच म्हणतात. म्हणून मी 'तोच तोच अवयव' असं म्हणतोय. सर्व्हर एकदा पॉवर गेल्यामुळे बंद पडला तर कोणी त्याला नावं ठेवत नाही. पण तीच हार्ड डिस्क दर सहा महिन्यांनी रडत असेल तर तिच्यावर प्रॉडक्शनचा डेटा ठेवणाऱ्याला काय म्हणाल? नशीबवान?

आणि माझ्यावर विश्वास नसेल तर विमा कंपन्यांवर ठेवा. एनबीएमध्ये मोठ्या पगारांचा विमा असतो. खेळाडू सलग ४१ सामने मुकला की पुढच्या पगाराचा साधारण ८० टक्के भाग विम्यातून मिळतो. पण जुन्या दुखापतीचा अवयव विमा कंपनी करारातून वगळू शकते. म्हणजे ज्या गुडघ्याचा विमा उतरवायला विमा कंपनी, जिचा धंदाच तो आहे, तयार नाही, त्याचा विमा एका बास्केटबॉल टीमने स्वतः उतरवायचा? तोही १०० टक्के आणि बिनाप्रीमियम?

मग किती द्यायचे?

हिशेब सोपा आहे. समजा एखाद्या फिट रोल प्लेयरचा बाजारभाव वर्षाला २ कोटी डॉलर. आपल्या माणसाने मागच्या तीन सीझनमध्ये ५५ टक्के सामने खेळले. म्हणजे १ कोटी १० लाख. उरलेल्या ३७ सामन्यांसाठी कोणीतरी लागणार, त्याला अनुभवी खेळाडूचा किमान पगार, कॅपवर सुमारे २३ लाख. ते वजा केले की राहतात ८७ लाख. राउंड करून ८५ म्हणा.

आता वर बोनस. नियमांप्रमाणे बोनस दोन प्रकारचे. मागच्या सीझनमध्ये पूर्ण झाली असती अशी अट 'लाइकली', तिचे पैसे कॅपवर लगेच धरतात. झाली नसती अशी अट 'अनलाइकली', तिचे पैसे कॅपवर धरत नाहीत (एप्रनच्या हिशेबात मात्र धरतात). अनलाइकली बोनस पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंत देता येतो. मग '६५ सामने खेळलास तर पावणेतेरा लाख जास्त' असं लिहा की! सीटीसीमधल्या व्हेरिएबलसारखंच, फक्त इथे निकष खरंच मोजता येतो. ज्या माणसाला स्वतःच्या गुडघ्यावर विश्वास आहे तो सही करेल. नाही केली तर त्यातूनही काहीतरी कळलंच.

बोस्टनने २०२१ मध्ये रॉबर्ट विल्यम्सशी जवळजवळ असंच केलं. चार वर्षांचे ४ कोटी ८० लाख नक्की, बोनस धरून ५ कोटी ४० लाखांपर्यंत. करार लागू झाला त्या २०२२-२३ च्या सीझनमध्ये तो ३५ सामनेच खेळला. पण पगार कॅपच्या दहाव्या हिश्शाहून कमी होता, त्यामुळे तो कोणाच्याही गळ्यातला धोंडा झाला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला, माल्कम ब्रॉग्डनला आणि दोन फर्स्ट राउंड पिक देऊन बोस्टनने जरू हॉलिडे आणला आणि २०२४ ची ट्रॉफी उचलली. विल्यम्स पुढच्या दोन सीझनमध्ये पोर्टलंडसाठी ६ आणि २० सामने खेळला. हाच करार वर्षाला दोन कोटींचा असता तर पोर्टलंडने फोन तरी उचलला असता का?

आणि माणुसकीचं काय?

हा एकच आक्षेप मला मनापासून मान्य आहे. विल्यम्सचा मिनिस्कस मार्च २०२२ मध्ये फाटला, ऑपरेशन झालं आणि महिन्याच्या आत तो प्लेऑफमध्ये खेळत होता. टीम फायनलपर्यंत गेली, त्याचा गुडघा पुढच्या सप्टेंबरमध्ये पुन्हा टेबलावर गेला. अशा माणसाला 'तू ५५ टक्के' म्हणून हिशेब सांगायचा? कृतघ्नपणा नाही का हा?

नाही. कृतघ्नपणा वेगळा असतो आणि तो आपण चाहते करतो. आधी 'द्या त्याला दोन कोटी' म्हणून ओरडायचं, आणि गुडघा गेला की 'पैसे खाऊन बसला' म्हणून शिव्या घालायच्या. पार्सन्सने ऐकलं, लॉन्झोने ऐकलं. लॉन्झोने तीन ऑपरेशनं सोसली, अडीच वर्षं चालायला-पळायला पुन्हा शिकला, आणि त्याला चोर ठरवणारे मात्र घरच्या सोफ्यावर! पगाराची हमी ही खेळाडूंच्या युनियनने भांडून मिळवलेली गोष्ट आहे आणि ती मोडता कामा नये. आकडा खेळाडू एकटा ठरवत नाही, समोर रिपोर्ट वाचून सही करणारा जनरल मॅनेजर असतो. जाब त्याला विचारा.

माणुसकी कशात दिसते ते ऑर्लँडोने दाखवलं. जोनाथन आयझॅकचा एसीएल ऑगस्ट २०२० मध्ये फाटला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी त्याला चार वर्षांचा, ८ कोटींपर्यंत जाणारा करार दिला, पण शेवटच्या वर्षांची पूर्ण हमी दिली नाही. तो पुढचे दोन पूर्ण सीझन खेळू शकला नाही, पगार चालू राहिला. टीमला बाहेर पडायची वाट होती, तरी त्यांनी वाट पाहिली. २०२३-२४ मध्ये तो ५८ सामने खेळला, तेही बहुतेक पंधरा-सोळा मिनिटांच्या मापात, आणि २०२४ मध्ये नवा करार झाला. पहिल्या वर्षी, कॅपमध्ये जागा असताना, अडीच कोटी आणि पुढे उतरते आकडे. अडीच कोटी माझ्या हिशेबाला जास्तच आहेत, पण उतरता करार आणि शेवटच्या वर्षांवर अटी ही रचना उत्तम. दोघांनाही धोका माहीत होता आणि तो दोघांनी वाटून घेतला.

थोडक्यात काय, तर झेपेल एवढाच आकडा द्या, पण दिलेला शब्द पाळा. पहिली दोन वर्षं पक्की, पुढची अटींवर, खेळला तर वर बोनस. आणि कोणी 'फिट असला तर' म्हणून सुरुवात केली की त्याला एवढंच विचारा, "आणि नसला तर, कुठला खेळाडू सोडायचा ते सांग." नाव सांगता आलं तर पुढे बोलू. नाही आलं तर मिड-लेव्हल आहेच!