गोळी एक, जंत अनेक

भटक्या कुत्र्यांविषयीच्या आपल्याच आदेशात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी बदल केला, तेव्हा चर्चा झाली ती निर्बीजीकरणाची, रेबीजच्या लशीची आणि खाऊ घालण्याच्या जागांची. त्या आदेशात आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. पकडलेल्या कुत्र्याचे निर्बीजीकरण करावे, त्याला जंताचे औषध द्यावे, लस टोचावी आणि (पिसाळलेले वा आक्रमक नसेल तर) जिथून आणले तिथेच सोडावे, असे न्यायालयाने म्हटले. शस्त्रक्रिया आयुष्यभर पुरते. लस निदान वर्षभर टिकते. जंताच्या नेहमीच्या औषधाचा अंमल मात्र दिवस-दोन दिवसांत ओसरतो आणि कुत्रे परत त्याच मातीत, त्याच उकिरड्यावर जाते. महिन्याभरात त्याच्या पोटात पुन्हा जंत असू शकतात.

घरच्या कुत्र्याचे गणितही वेगळे नाही. जंताची गोळी ही लस नव्हे. ती त्या दिवशी आतड्यात असलेले जंत मारते, उद्या येणाऱ्यांना अडवत नाही. ‘दिली होती की गेल्या दिवाळीत’ हे मालकांचे उत्तर पशुवैद्यकांना पाठ झालेले असते.

दुकानातला व्यवहार साधारण असा होतो. ‘कुत्र्यासाठी जंताची गोळी द्या.’ ‘लॅब आहे की पॉम?’ उत्तर मिळाले की दोन गोळ्या कापून हातात. वजन कुणी विचारत नाही. वास्तविक बहुतेक संयुक्त गोळ्या दहा किलो वजनाला एक या हिशेबाने बनवलेल्या असतात आणि लॅब्रॅडॉर बावीस किलोचा असतो तसा सोफ्यावर लोळून चाळीसचाही झालेला असतो. मात्रा कमी पडली की अशक्त जंत मरतात आणि चिवट तेवढे उरतात. घरात माणसांचा वजनकाटा असेल तर कुत्र्याला उचलून एकदा उभे राहावे, मग एकट्याने, आणि वजाबाकी करावी. उचलता न येणारा कुत्रा दवाखान्याच्या काट्यावर न्यावा.

पाकिटावरचे घटक वाचणे हे दुसरे काम. सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या संयुक्त गोळीत तीन औषधे असतात. पायरँटेल गोलकृमी आणि अंकुशकृमींना लुळे करून बाहेर काढते. फेबँटेलचे शरीरात फेनबेंडाझोल होते. ते या दोघांना आणि चाबूककृमीलाही पुरते. प्राझिक्वांटेल फक्त पट्टकृमीसाठी. ज्या बाटलीवर एकटे पायरँटेल लिहिले आहे, तिने पट्टकृमी मरणार नाही, मग ती कितीही महाग असो. आकड्यांचा घोळ वेगळाच. एका पाकिटावर पायरँटेल ५० मिलिग्रॅम आणि दुसऱ्यावर १४४ मिलिग्रॅम दिसले, तर दुसरे औषध तिप्पट जोरदार आहे असे गिऱ्हाईकाला वाटते. पहिला आकडा शुद्ध पायरँटेलचा आणि दुसरा त्याच्या पामोएट या क्षाराचा (काही कंपन्या त्यालाच एम्बोनेट म्हणतात). औषध तेवढेच.

गोळी दिल्यावर विष्ठेत जंत दिसले नाहीत म्हणून ती ‘लागू पडली नाही’ असे समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा देणारेही आहेत. प्राझिक्वांटेलने मेलेला पट्टकृमी बहुधा आतड्यातच पचून जातो, तो दिसत नाही. उलट, शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे महिन्याभरात पुन्हा दिसू लागले तर दोष बहुतेक वेळा गोळीचा नसतो, पिसवांचा असतो. कुत्र्यांतला हा नेहमीचा पट्टकृमी पिसवेच्या पोटात वाढतो आणि अंग चावताना कुत्रा ती पिसू गिळतो. पिसवा तशाच ठेवून गोळ्यांवर गोळ्या देणे म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणे.

सगळ्यात मोठी किंमत मोजतात ती पिल्ले. गोलकृमीच्या अळ्या मादीच्या स्नायूंत वर्षानुवर्षे सुप्त पडून राहतात. तिथे नेहमीचे औषध पोचत नाही आणि विष्ठेच्या तपासणीत त्या सापडत नाहीत. मादी गाभण राहिली की शेवटच्या टप्प्यात त्या जाग्या होतात आणि नाळेतून पिल्लांत उतरतात. अंकुशकृमी दुधातून येतो. तो आतड्याला चिकटून रक्त शोषतो. तीन-चार आठवड्यांच्या पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडतात आणि विष्ठेत अंडी दिसू लागण्याआधीच ते दगावू शकते. म्हणून पिल्लांच्या बाबतीत तपासणीची वाट पाहायची नसते. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, दूध सुटल्यानंतरही दोन आठवडे, आणि मग सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा, असे युरोपातील परोपजीवीतज्ज्ञांच्या ‘एस्कॅप’ परिषदेचे वेळापत्रक आहे. पिल्लांबरोबर आईलाही औषध द्यायचे असते, हे हमखास राहून जाते.

श्वानपैदाशीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. म्हणजे कायदेशीरपणे विकत घेतलेल्या पिल्लाला निदान चार मात्रा मिळालेल्या असायला हव्यात. ‘डीवर्मिंग झालंय’ एवढ्या शब्दावर पैसे देण्याऐवजी कोणते औषध, कोणत्या तारखांना, किती वजनाला, हे विचारावे. विकणाऱ्याकडे उत्तर नसेल तर औषध दिलेच नाही असे धरून चालणे बरे.

मोठ्या कुत्र्याला किती वेळा, यावर मात्र मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. दर तीन महिन्यांनी हा रूढ सल्ला सोयीचा आहे, पण अंकुशकृमी दोन-तीन आठवड्यांत आणि गोलकृमी महिना-सव्वा महिन्यात पुन्हा अंडी घालू लागतो, तेव्हा मधले दिवस उघडेच राहतात. दरमहा द्यावे तर दुसरी अडचण. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांना वर्षानुवर्षे सतत औषधे दिली गेली आणि २०१९ च्या सुमारास तिथल्या संशोधकांनी तिन्ही प्रमुख औषधगटांना दाद न देणारे अंकुशकृमी नोंदवले. शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांत औषधांना न जुमानण्याची ही सवय आपल्याकडे आधीपासून आहे. त्यामुळे फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, शिजवलेले खाणाऱ्या, साखळीवर फिरणाऱ्या प्रौढ कुत्र्याला आणि शेतावर मोकळे हिंडून उंदीर खाणाऱ्याला एकच वेळापत्रक लावणे शहाणपणाचे नाही. पहिल्याची विष्ठा वर्षातून तीन-चारदा तपासून गरजेप्रमाणे औषध देता येते. घरात रांगणारे मूल असेल तर पारडे औषधाकडे झुकते.

कारण गोलकृमीची अंडी माणसाच्याही पोटात जातात. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच धोकादायक नसतात. मातीत दोन-तीन आठवडे मुरल्यावर ती होतात आणि मग वर्षानुवर्षे टिकतात. सोसायटीच्या बागेत खेळून न धुतलेला हात तोंडात घालणाऱ्या मुलाच्या शरीरात या अळ्या यकृतात, फुफ्फुसात भटकतात. डोळ्यात शिरल्या तर दृष्टी जाऊ शकते. त्यामुळे कुत्र्याची विष्ठा त्याच दिवशी उचलणे हे कुठल्याही गोळीइतकेच मोलाचे आहे, आणि फुकटही.

खाटकाकडची कच्ची आतडी-फुफ्फुसे कुत्र्याला घालणाऱ्यांचा प्रश्न आणखी गंभीर. मेंढ्या-बकऱ्यांच्या अवयवांतल्या पाणीदार गाठींतून कुत्र्यात एक अतिशय बारीक पट्टकृमी येतो आणि त्याची अंडी माणसाच्या यकृतात हायडॅटिडची गाठ तयार करतात. ती वर्षानुवर्षे वाढते आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियेपर्यंत जाते. अशा कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल लागते. न्यूझीलंडने कुत्र्यांना नियमित औषध आणि कच्च्या अवयवांवर बंदी यांच्या जोरावर हा रोग जवळपास हद्दपार केला. आपल्याकडे तूर्त अवयव शिजवून घालणे एवढे तरी जमण्यासारखे आहे.

स्वस्तातले मार्ग बहुधा महाग पडतात. मुलाला शाळेत जंतनाशक दिनी मिळते ती अल्बेंडाझोलची गोळी माणसांसाठी आहे; कुत्र्यांत या औषधाने अस्थिमज्जेवर परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत. लसणाने तांबड्या पेशी फुटतात, म्हणजे आधीच रक्त गमावलेल्या पिल्लाला तो दुहेरी मार. गुरांच्या आयव्हरमेक्टिन इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम औषध असते. हृदयकृमी टाळण्यासाठी दहा किलोच्या कुत्र्याला लागते ते त्यातले ०.००६ मिलिलिटर, सिरिंजवर तेवढी रेघच नसते. खरजेसाठी पशुवैद्यक मोठी मात्रा देतात, पण जात पाहून. कोली आणि तिच्या संकरातल्या अनेक कुत्र्यांत मेंदूला औषधांपासून वाचवणारे एमडीआर-१ हे जनुक सदोष असते. त्यांना या मात्रेने झटके येतात, ती बेशुद्ध पडतात.

जनावरांच्या औषधावर जनावराच्या डोक्याचे चिन्ह आणि ‘माणसांसाठी नाही’ ही सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ते चिन्ह, घटक, बॅच क्रमांक आणि मुदत एवढे दुकानात किंवा ऑनलाइन मागवलेल्या पाकिटावर पाहायला अर्धा मिनिट लागतो. तपासणीसाठी विष्ठेचा नमुना त्याच सकाळचा, मातीला न लागलेला, छोट्या झाकणाच्या डबीत न्यावा. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत परोपजीवींचा अभ्यास करणारे विभाग आहेत. अंकुशकृमी निघाला आणि औषध दिले, तर दोन आठवड्यांनी दुसरा नमुनाही न्यावा. औषध चालले की नाही, हे त्यातूनच कळते.