सहा वर्षांचे मौन आणि एक लाडकी दंतकथा : गॅमा-किरण स्फोटांच्या शोधाविषयी

१/ गॅमा-किरण स्फोटांच्या शोधाची कथा बहुतेक वेळा अशी सांगितली जाते : अमेरिकेच्या हेर उपग्रहांना १९६७ साली चुकून एक गूढ चमक दिसली, लष्कराने ती सहा वर्षे दडवली आणि १९७३ साली गुपित फुटले. कथेत शीतयुद्ध आहे, गुपित आहे, खलनायकही आहे. नाही तो फक्त पुरावा. तारखा क्रमाने मांडल्या की ही कथा उभी राहत नाही.

२/ प्रथम पार्श्वभूमी. ५ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी मॉस्कोत करार केला : वातावरणात, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या बंद. करार १० ऑक्टोबरला अमलात आला आणि आठवडाभरात, १७ ऑक्टोबरला, ‘वेला’ उपग्रहांची पहिली जोडी अवकाशात गेली. पृथ्वीपासून लाखाहून अधिक किलोमीटर उंचीवरून चोरट्या अणुस्फोटांवर पहारा ठेवणे हे त्यांचे काम होते.

३/ या उपग्रहांवर क्ष-किरण, गॅमा किरण आणि न्यूट्रॉन टिपणारी उपकरणे होती. अणुस्फोटाची गॅमा-चमक सेकंदाच्या अत्यल्प अंशात उसळते आणि मग ओसरत जाते. २ जुलै १९६७ रोजी टिपलेली चमक मात्र काही सेकंद रेंगाळली आणि तिला दोन शिखरे होती. ती पाहणाऱ्या कोणालाही हा अणुबॉम्ब नव्हे, हे कळले असते. अर्थात, ती कोणी पाहिली असती तर.

४/ दंतकथा इथेच पहिल्यांदा घसरते. १९६७ साली ती चमक कोणाच्या लक्षातच आली नाही. लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील रे क्लेबेसाडेल आणि रॉय ओल्सन हे जुन्या नोंदींची ताळेबंदी करत असताना १९६९ साली ती सापडली. म्हणजे ‘दडपणुकी’च्या सहा वर्षांपैकी जवळजवळ दोन वर्षे दडवायला काही हाती नव्हतेच. जे ठाऊक नाही, ते लपवता येत नाही.

५/ मग १९६९ ते १९७३ या काळात काय चालले होते? एका प्रश्नाचे उत्तर शोधणे चालले होते : ही चमक आली कुठून? सूर्याकडून, पृथ्वीच्या परिसरातून की दूरच्या अवकाशातून? गॅमा किरणांचा आरशाने वेध घेता येत नाही, आणि त्या काळच्या शोधकाला किरण आला एवढेच कळे, दिशा कळत नसे. दिशा मिळवण्याचा एकच मार्ग होता : दूरदूरच्या उपग्रहांवर तीच चमक नेमकी केव्हा पोचली, यातील फरक मोजणे.

६/ हिशेब सोपा आहे. एकाच कक्षेत परस्परांच्या समोर असलेल्या दोन वेला उपग्रहांमधील अंतर सुमारे अडीच लाख किलोमीटर. प्रकाशाला ते कापायला सेकंदही लागत नाही. तेव्हा दिशा हवी असेल तर घड्याळ सेकंदाच्या लहानशा अंशापर्यंत अचूक हवे. १९६७ सालचे उपग्रह या कामाला तोकडे पडत होते. मे १९६९ मध्ये गेलेली वेला-५ची आणि एप्रिल १९७० मध्ये गेलेली वेला-६ची जोडी त्यासाठी पुरेशी सक्षम होती.

७/ क्लेबेसाडेल, इयन स्ट्राँग आणि ओल्सन यांनी जुलै १९६९ ते जुलै १९७२ या काळातील १६ स्फोट तपासले. वेळेच्या फरकावरून सूर्य आणि पृथ्वी हे दोन्ही उगम बाद केले आणि जून १९७३ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. यात गुपित फुटल्याची घटना कुठे आहे? पुरावा जुलै १९७२ पर्यंत गोळा होत होता. निबंध पुढच्या वर्षी छापून आला. विज्ञानात याला विलंबही म्हणत नाहीत.

८/ दुसरी कसोटी. वेलाची सारी माहितीच कडीकुलपात असती, तर ती कुठेच प्रसिद्ध झाली नसती. वस्तुस्थिती उलट आहे. याच मालिकेतील उपग्रहांनी मोजलेल्या सौरवाताविषयीचे निबंध १९६०च्या दशकातच खुल्या नियतकालिकांत छापले जात होते. मालकी लष्कराची असणे आणि प्रत्येक नोंद गुप्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

९/ तिसरी कसोटी अधिक निर्णायक. मार्च १९७१ मध्ये गेलेल्या नासाच्या आयएमपी-६ या नागरी उपग्रहानेही हे स्फोट टिपले होते; क्लाइन आणि देसाई यांनी त्यांचे विश्लेषण १९७३ सालीच मांडले. सोव्हिएत कॉसमॉस-४६१च्या नोंदींतही स्फोट होते. माझेत्स आणि सहकाऱ्यांनी ते १९७४ साली प्रसिद्ध केले. अमेरिकी लष्कराने सोव्हिएत शास्त्रज्ञांचेही तोंड बांधले होते काय? काय शोधायचे हे ठाऊक नसेल, तर डोळ्यांसमोरची नोंदही दिसत नाही. इथे एवढेच घडले.

१०/ आक्षेपातील न्याय्य भाग मान्य करायलाच हवा. प्रकल्प लष्करी होता, आणि वेलाच्या इतिहासात खरी गुप्तताही आहे. २२ सप्टेंबर १९७९ रोजी दक्षिण अटलांटिक-हिंदी महासागराच्या परिसरात एका वेला उपग्रहाने प्रकाशाची दुहेरी चमक नोंदवली. ती अणुचाचणी होती का, यावर आजही वाद आहे आणि संबंधित कागदपत्रे दीर्घकाळ बंद राहिली. गुप्ततेच्या खुणा तिथे दिसतात : खाडाखोड केलेले अहवाल, परस्परविरोधी निष्कर्ष. १९६७ ते १९७३च्या प्रकरणात असे काही आढळत नाही.

११/ आता ‘चुकून’ या शब्दाकडे. अतिनवताऱ्याच्या स्फोटातून गॅमा किरणांचा झोत निघू शकेल, हे भौतिकशास्त्रज्ञ स्टर्लिंग कोलगेट यांनी १९६८ साली मांडले होते. चाचणीबंदीच्या वाटाघाटींशी त्यांचा संबंध होता. ताऱ्याची चमक बॉम्बची समजली जाईल, ही त्यांची चिंता होती. लॉस अलामॉसच्या मंडळींनी या कल्पनेच्या आधारे नोंदी तपासल्या. चमक यंत्रावर पडली हा योगायोग. बॉम्बची नसलेली नोंद फेकून न देता जपणे, हा योगायोग नव्हे.

१२/ दंतकथेच्या समर्थकांना एक प्रश्न. सहा वर्षांचे अंतर हा कारस्थानाचा पुरावा असेल, तर पुढच्या २४ वर्षांचे काय? १९७३ ते १९९७ या काळात हे स्फोट किती दूर घडतात, हे कोणीच सिद्ध करू शकले नाही. शंभराहून अधिक सिद्धान्त मांडले गेले. १९९१ साली गेलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने २,७०४ स्फोट नोंदवले. ते आकाशात सर्वत्र सारखे विखुरलेले होते. तरीही एप्रिल १९९५ मध्ये वॉशिंग्टन येथे पाचिन्स्की आणि लॅम यांचा जाहीर वाद झाला, तो याच मुद्द्यावर : उगम आपल्या आकाशगंगेच्या परिसरात की विश्वाच्या टोकाशी?

१३/ या २४ वर्षांना कोणी कारस्थान म्हणत नाही. अडचण मात्र तीच होती : नेमकी जागा मिळत नव्हती. ती २८ फेब्रुवारी १९९७ रोजी मिळाली. इटली आणि नेदरलँड्सच्या बेपोसॅक्स उपग्रहाने स्फोट टिपला, त्याच्या विस्तृत-क्षेत्र कॅमेऱ्याने आकाशातील जागा हेरली आणि काही तासांत क्ष-किरण दुर्बिणी तिकडे वळवल्या गेल्या. तिथे मंदावत जाणारा क्ष-किरण स्रोत दिसला. हाच आफ्टरग्लो, स्फोटामागे रेंगाळणारा उजेड.

१४/ तोच उजेड ला पाल्मा बेटावरील विल्यम हर्शेल दुर्बिणीने दृश्य प्रकाशात पकडला. मे महिन्यातील दुसऱ्या स्फोटाच्या वेळी हवाईतील केक दुर्बिणीने ताम्रसृती मोजली : किमान ०.८३५. हा प्रकाश काही अब्ज वर्षे प्रवास करून आला होता. वाद मिटला, पण तो एकट्या उपग्रहाने मिटवला नाही. अवकाशातील यंत्राने जागा दाखवली, जमिनीवरील यंत्राने अंतर मोजले. २००४ साली गेलेल्या स्विफ्टने हीच साखळी मिनिटांवर आणली.

१५/ या साखळीत पुणेही आहे. ४ जानेवारी २०१७ रोजी गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या, आणि लगेच हवाईच्या ॲटलस दुर्बिणीला एक मंदावत जाणारा उजेड दिसला. दोन्हींचे नाते जोडण्याचा मोह स्वाभाविक होता. भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाच्या नोंदी तपासल्यावर लहरींच्या क्षणी काहीच आढळले नाही. सुमारे २१ तासांनी झालेला वेगळा गॅमा-स्फोट मात्र आढळला. आयुकातील संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीचीही मदत घेऊन दाखवले, की तो उजेड या दुसऱ्या स्फोटाचा होता. पाठोपाठ घडले म्हणून संबंध आहेच, हा निष्कर्ष त्यांनी वेळच्या वेळी मोडून काढला.

१६/ ‘दडपलेल्या शोधा’ची कथा नेमकी याच चुकीवर उभी आहे : उपग्रह लष्करी आणि निबंध उशिरा, म्हणून दडपणूक. अभ्यासकाने अशा जागी तीन गोष्टी विचाराव्यात. माहिती कोणाच्या हाती नेमकी केव्हा आली? तिचा अर्थ लावण्याचे साधन तेव्हा होते का? तीच माहिती असलेले इतर लोक काय करत होते? इतिहासातील मौनांमागे कधी सत्ता असते, कधी अज्ञान, तर कधी केवळ अपुरे घड्याळ. सगळ्यांना एकच नाव दिले, की जिथे खरोखर काही दडपले गेले, तिथला आरोपही हलका पडतो.

(समाप्त)