पाटी कोणाची, धंदा कोणाचा?



तालुक्याच्या स्टँडवर उतरले की हल्ली चहाच्या दुकानांवर ठिकठिकाणी त्याच त्या कंपन्यांच्या पाट्या दिसतात. कापूस-ज्वारीत भागत नाही म्हणून घरातली तरणी पोरे विचारतात : अशी फ्रँचायझी घ्यावी, की स्वतःच्या नावाने दुकान टाकावे? शेतीबाहेर पडून कोणी धंदा करत असेल तर आनंदच आहे. फक्त हिशेब आपण करावा. तो कंपनीच्या एजंटावर सोडू नये.

फ्रँचायझीत काहीच मिळत नाही असे नाही. नाव ओळखीचे असते, गिऱ्हाईक लवकर येते, काम शिकवले जाते. स्वतःच्या दुकानात हे सारे ठेचकाळत शिकावे लागते आणि पहिले काही महिने माशा मारत बसण्याचीही तयारी लागते. प्रश्न एवढाच, की त्या नावाची किंमत किती?

उदाहरण मांडू. समजा, दहा रुपयांचे ५०० कप रोज खपले. महिन्याची विक्री दीड लाख. दूध, साखर, पत्ती, गॅस ९० हजार. भाडे, वीज, दोन पोरांचा पगार ४८ हजार. उरले १२ हजार. कंपनीची रॉयल्टी विक्रीच्या ५ टक्के, म्हणजे साडेसात हजार. सुरुवातीला भरलेल्या चार लाखांचे १२ टक्क्यांनी महिन्याचे व्याज चार हजार. हाती राहिले ५०० रुपये! रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नाही. तोटा झाला तरी ती चुकत नाही. आणि यात मालकाची स्वतःची मजुरी कुठेच नाही. उत्पादन खर्चात घरच्यांची मजुरी धरा म्हणून आपण सरकारशी भांडलो. मग आपल्याच दुकानात ती का विसरायची?

१९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीत घेणारा एकच होता. भाव तो म्हणेल तो. फ्रँचायझीत देणारा एकच असतो. पत्ती-मसाल्याचा भाव तो म्हणेल तो. बांधलेपण तेच, फक्त बाजू बदलली.

अमेरिकेत १९७९ पासून फ्रँचायझीसाठी वेगळा नियम आहे. करारावर सही होण्याच्या १४ दिवस आधी कंपनीने आपली सारी माहिती लेखी द्यावी लागते. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही; आधार मुख्यतः १८७२ च्या करार कायद्याचा. म्हणून चौकशी आपणच करायची. माल कंपनीकडूनच घेण्याची सक्ती आहे का? शेजारच्या चौकात ती दुसरे दुकान देणार नाही, हे करारात लिहिले आहे का? धंदा सोडला तर अनामत परत मिळते का? चालू दुकानदारांना विचाराच. पण ज्यांनी पाटी उतरवली त्यांना आधी गाठा.

आणि पाटीच हवी तर ती आपली का नको? २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची सोय झाली. दहा शेतकरी मिळून ती काढता येते. ज्वारीचे पीठ, तुरीची डाळ आपल्या नावाने विकता येते. तीही बुडू शकते; पण चालली तर मिळवलेले नाव आपले राहते. भाड्याचे नाव करार संपताच परत जाते.

दोन्हीपैकी काहीही करा. आधी वर्षभर कोणाच्या तरी दुकानात काम करून धंदा शिका. आणि कोणाच्याही पाटीसाठी सातबारा गहाण टाकू नका.