सोमवारची मुंबई

आई-बाबा पहिल्यांदाच मुंबई बघायला येणार आणि मला सुट्टी मिळाली ती नेमकी सोमवारची! लगेच एक्सेल उघडलं. सकाळी सहा ते रात्री दहा, एकूण अकरा स्पॉट्स. बाबांनी प्रिंटआउट बघून एवढंच विचारलं, ‘‘जेवायचं कधी?’’

पहिली विकेट घारापुरीची. सोमवारी लेणी बंद. बरंच झालं म्हणा. तासभर लाँच, वर शंभराहून जास्त पायऱ्या, आईच्या गुडघ्यांना कुठे झेपणार? मग भरती-ओहोटीच्या वेळा पाहिल्या. हाजी अलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते, आणि आमच्या वेळेला नेमकी भरती. तीही कट!

शेवटी उरलं काय? कोवळ्या उन्हात १९२४चं गेटवे. ऊन तापल्यावर तिथून चालत जाण्याजोगं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. मध्ये निवांत जेवण. संध्याकाळी मरिन ड्राइव्ह.

कट्ट्यावर आई दीड तास हललीच नाही. मग म्हणाली, ‘‘तू रोज येत असशील ना रे इथे?’’

सहा वर्षांत मी दोनदा आलो होतो. दोन्ही वेळा क्लायंटला घेऊन.

तेव्हा दोस्तहो, पाहुण्यांचा प्लॅन जरूर करा. पण एखादी संध्याकाळ स्वतःच्या नावावरही टाका!