झिणी कोणती खरी?



मागच्या बैठकीत दोन पाड्यांच्या बायांनी झिणीचं बी आणलं. एकीची झिणी दसऱ्याच्या आत कापायला येते, दुसरीची तेव्हा अजून हिरवीच असते. दोघी भांडल्या, "तुझी खरी झिणी नाहीच." खरं तर दोन वाण वेगळे, नाव तेवढं एक. उलटंही होतं. एकच वाण तीन पाड्यांत तीन नावांनी पेरतात.

हे हसून सोडून देण्यासारखं नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्यांचा वाण नोंदवता येतो, त्याला फी नाही. पण तो दुसऱ्या वाणापेक्षा वेगळा आहे, सगळा सारखा येतो आणि दरसाल तसाच राहतो, हे दाखवावं लागतं. उद्या कोणी आपलंच बी नवं नाव लावून नोंदवायला नेलं, तर "आमचंच आहे" एवढ्यावर कोण ऐकेल? २००६ च्या वनहक्क कायद्यातही जैवविविधतेच्या ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क आहे. आपण पट्ट्याच्या मागे धावतो आणि तो विसरतो.

हे वाण आपोआप झाले नाहीत. कापणीआधी शेतात फिरून चांगली भरलेली लोंबी बाजूला काढणाऱ्या आपल्या आया-आज्या. म्हणून शब्द ठरवताना आधी त्यांना विचारायचं.

'लाल भात' म्हणजे तूस लाल का तांदूळ लाल? दोन्ही वेगळं लिहू. 'हळवा' कुणी पेरणीपासून मोजतो, कुणी आवणीपासून. आपण राबावर पेरल्या दिवसापासून मोजू, लोंबी बाहेर पडेपर्यंत किती दिवस आणि कापणीपर्यंत किती. सणाचं माप नको. अधिक महिना आला की दसरा पुढं जातो, भात काही त्याच्यासाठी थांबत नाही. कुसळ आहे का, असेल तर रंग कोणता. उंची टेपनं, हातानं नको. आणि 'जात' न लिहिता 'वाण' लिहू, जात म्हटलं की लोक भलतंच समजतात.

पाड्याचं कुठलंही नाव खोडायचं नाही. सगळी नावं शेजारी शेजारी लिहायची.

पुढच्या बैठकीला प्रत्येक वाणाच्या पाच लोंब्या कागदात बांधून आणा. वर पाडा, वाणाची नावं आणि पेरणीचा दिवस टाका. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या. बी कुणाला द्यायचं नाही, दाखवून घरी परत न्यायचं.